एएसी ब्लॉक की पक्की वीट? आधी गच्चीचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकोल्यात तीस बाय पन्नासचा पश्चिममुखी प्लॉट, त्यावर साधारण ११०० चौरस फुटांचं आरसीसी घर, आणि पुढेमागे भावासाठी वर एक मजला. ठेकेदार सांगतो, एएसी ब्लॉक (आत हवेची बारीक छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) वापरा, एसी लागणारच नाही. मेहुणे सांगतात, स्लॅबवर थर्माकोल टाका. वडील म्हणतात, नऊ इंची पक्क्या विटांच्या भिंतीला तोड नाही. घर थंड राहावं म्हणून तुम्ही दीड लाख रुपये बाजूला काढलेत आणि ते नेमके कशात घालायचे ते कळत नाहीये.

मी पंचवीसेक वर्षं विदर्भात घरं बांधतो आहे. दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं आणि बहुतेक वेळा गाडी भिंतीवर अडकलेली असते. साहजिक आहे. ब्लॉक हातात घेऊन बघता येतो, विटेवर वीट वाजवून बघता येते. स्लॅब मात्र एका दिवसात टाकून होतो, त्यावर पंधरा दिवस पाणी मारतात आणि मग कोणी वर चढून विचार करत नाही. तुम्हाला ब्लॉक की वीट हे ठरवायचंय असं वाटतंय, पण खरं विचारायचंय ते हे की, मे महिन्यात रात्री अकरा वाजता तुमच्या घरात झोप लागेल का.

एक करून बघा. सध्या राहता त्या घरावर मजला नसेल, तर उन्हाळ्यात रात्री दहाला स्टुलावर चढून स्लॅबला खालून तळवा टेकवा. मग तोच तळवा उत्तरेकडच्या भिंतीला लावा. स्लॅब अजून तव्यासारखा कोमट लागतो, भिंत केव्हाच निवलेली असते. पंखा फुल्ल करूनही अंगावर गरम झोत येतो, तो या छतापाशी साठलेल्या हवेचा. सूर्य सातला मावळला तरी तुमच्यासाठी तो मध्यरात्रीपर्यंत छतात असतो.

कारण साधं आहे. अकोल्यात मेच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ नसतंच, पूर्वेला सकाळी आणि पश्चिमेला दुपारनंतर येतं. छतावर मात्र सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत. तुमची पश्चिमेची भिंत फार तर २६० चौरस फुटांची, छत ११०० चं. चौपट.

आता थोडा हिशेब, कंटाळू नका. प्रत्येक थर उष्णतेला थोडा अडवतो आणि या अडवण्याची बेरीज करता येते. पाच इंची स्लॅब सुमारे ०.०८ अडवतो. आपल्याकडचा चार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, ०.१२. वर-खाली चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचे ०.२ धरा. बेरीज ०.४. एकाला या बेरजेने भागलं की येतो तो यू-व्हॅल्यू, म्हणजे छताच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते तो आकडा. इथे तो अडीच आला. आता त्यात दोन इंची एक्सपीएस बोर्ड, म्हणजे कडक फोमचा पत्रा, घाला, एकटा तो १.५ अडवतो. बेरीज १.९, यू-व्हॅल्यू साधारण ०.५. एक इंची बोर्ड घातला तरी ०.९ च्या आत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली काढलेल्या इको निवास संहितेत छतासाठी जास्तीत जास्त १.२ ची मर्यादा आहे. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे, तुमच्यावर बंधन नाही, पण मोजपट्टी म्हणून उत्तम.

आकडे कोरडे वाटत असतील तर असं बघा. दुपारी छताचा वरचा पृष्ठभाग आतल्या हवेपेक्षा तीस अंशांनी जास्त तापला, तर नुसत्या कोब्याच्या छतातून आत शिरणारी उष्णता १००० वॅटचे साडेसात हीटर लावल्यासारखी होते. बोर्ड घातलेल्या छताखाली दीड हीटर. हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात उष्णता झिरपायला काही तास लागतात आणि फरक तासातासाला बदलतो. पण साडेसात आणि दीड यांतलं अंतर त्याने पुसलं जात नाही.

वरचा पृष्ठभाग पांढरा असेल तर तो तीस अंशांचा फरकच कमी होतो, कधी निम्म्यावर येतो. हे सगळ्यात स्वस्त काम. चायना मोझेक (फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे), पांढऱ्या टाइल, परावर्तक रंग, काहीही चालेल. काहीच जमत नसेल तर दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास चुन्याचे दोन हात मारा. एकच अट आहे, पांढरं पांढरं राहिलं पाहिजे. आपल्याकडची धूळ बघता दोन उन्हाळ्यांत ते मातकट होतं आणि मग लोक म्हणतात, पेंट काही कामाचा नव्हता. मार्चमध्ये एकदा गच्ची घासून धुवायची, बस.

मेहुण्यांचा थर्माकोल म्हणजे हेच तत्त्व, पण माल चुकीचा. हे मी स्वतः हात पोळून शिकलोय. २००८-०९ च्या सुमारास एका घरावर पैसे वाचवायला मी पॅकिंगला येतात तसले पांढरे शीट थेट स्लॅबवर अंथरले, वर कोबा केला आणि वॉटरप्रूफिंग सगळ्यात वरच्या थरात घातलं. पहिला उन्हाळा घरमालक खूश. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून थेंब पडायला लागले. पाणी शिरत होतं पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातून आणि बाहेर पडत होतं पंधरा फुटांवर, कारण मधे थर्माकोलखालून त्याला मोकळा रस्ता होता. अर्धी गच्ची फोडली तेव्हा शीट हातात दाबलं की स्पंजासारखं पाणी गळत होतं आणि कोरड्या राहिलेल्या भागात काळ्या मुंग्यांनी वारूळ थाटलं होतं. फोडाफोडीचा खर्च माझ्या खिशातून गेला, जायलाच हवा होता.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. स्लॅबवर आधी उताराचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग, उतार शंभराला एक तरी. पॅरापेटच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई. मग कडेने मसाल्याची आळी (छोटे बांध) करून तीन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालून रोज बघायचं. छत कोरडं राहिलं, तरच वर एक्सपीएस बोर्ड, घनता घनमीटरला ३२ ते ३६ किलोची. हा बोर्ड पाणी पीत नाही आणि वरच्या वजनाने चेपत नाही. सांधे विटांच्या जोडणीसारखे एकाआड एक. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, त्यावर जाळी टाकून दोन इंचांचं काँक्रीट, दहा बाय दहा फुटांच्या चौकोनांत तोडून, आणि शेवटी पांढरी फरशी किंवा मोझेक. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर ठेवण्याचा आणखी एक फायदा: खालचा स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही दुपारी तापून रात्री आकसत नाहीत, त्यामुळे भेगा कमी पडतात.

फवारायचा पीयूएफ (पॉलियुरेथेन) फोमही चांगला आहे, पण उन्हात उघडा राहिला की पिवळा पडून भुगा होतो आणि फवारणाऱ्याचा हात चांगला लागतो. छताला आतून थर्माकोल चिकटवून खाली पीओपी करू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. स्लॅब तापतच राहतो, उंदरांना घर मिळतं आणि वायरिंगच्या शेजारी जळणारा माल येतो.

आता भिंती. इथे वडिलांचं म्हणणं आधी घेतो, कारण ते अनुभवातून आलेलं आहे. जुन्या धाब्याच्या घरात दोन-अडीच फुटांच्या मातीच्या भिंती, वर माळवद, आणि भर दुपारी आत गारवा. हे खरंच आहे. पण त्या घरात रात्री कोण झोपायचं? बाजा अंगणात नाहीतर माळवदावर पडायच्या. जाड भिंत दिवसभर उष्णता पोटात साठवायची आणि रात्री ती रिकाम्या घरात सोडायची, त्याचा कोणाला त्रास नव्हता. नऊ इंची विटेची भिंत हेच छोट्या प्रमाणात करते, उष्णता आत पोचायला सातेक तास लावते. पश्चिमेच्या भिंतीला चार वाजता लागलेलं ऊन तुमच्या बेडरूममध्ये उतरतं ते रात्री अकराला, नेमकं दारं लावून झोपायच्या वेळी. म्हणून दिवसभर वापरायच्या खोलीला वीट चांगली आणि पश्चिमेच्या बेडरूमला तीच वीट वैरीण.

एएसी ब्लॉकचं काम उलट. तो साठवत फारसं नाही, अडवतो. गिलाव्यासकट नऊ इंची विटेच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू दोनच्या आसपास असतो, सहा इंची एएसीचा एक, आठ इंचीचा पाऊण. तेव्हा ठेकेदाराचं अर्धं बरोबर आहे. अर्धं अशासाठी की उघड्या स्लॅबखाली एएसीच्या भिंती म्हणजे थर्मासचं झाकण काढून ठेवल्यासारखं. वरून आलेली उष्णता रात्री भिंतीतूनही बाहेर जाईना अशी स्थिती मी दोन-तीन घरांत पाहिली आहे. लोक ब्लॉकला दोष देतात.

मी तुमच्या जागी असतो तर बाहेरच्या भिंती आठ इंची एएसीच्या आणि आतल्या पार्टिशन पक्क्या विटांच्या केल्या असत्या. आतली वीट रात्रीच्या हवेने निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा धरून ठेवते, शिवाय खोल्यांमधला आवाज कमी जातो आणि किचनमध्ये जड शेल्फ ठोकायला ती बरी. फ्लाय अ‍ॅश विटा तुमच्याकडे पारसच्या वीजकेंद्रामुळे जवळच मिळतील. त्या आकाराला सारख्या, जुडाईला सोप्या, आणि भट्टी लागत नसल्याने बनवतानाची ऊर्जा कमी. फक्त त्या थंड असतात हा समज डोक्यातून काढा. उष्णता अडवण्यात त्या लाल विटेच्याच तोलाच्या आहेत. पार्टिशनला खुशाल वापरा.

ब्लॉक घेणार असाल तर चार गोष्टींवर डोळा ठेवा. आयएस २१८५ भाग ३ नुसारचं चाचणीपत्र मागा. ब्लॉक पाण्यात तरंगून दाखवला म्हणजे माल चांगला असं नाही, हलकं काहीही तरंगतं. जुडाई ब्लॉक अ‍ॅडहेसिव्हनेच, सांधा तीन-चार मिलिमीटरचा. मिस्त्री सवयीने विटेसारखे ब्लॉक हौदात भिजवून अर्धा इंच मसाला थापतो आणि छपाईनंतर सहा महिन्यांत भिंतीवर प्रत्येक सांधा नकाशासारखा उमटतो. ब्लॉक आणि कॉलम-बीम जिथे भेटतात तिथे छपाईआधी फायबरची जाळी हवीच. आणि इलेक्ट्रिशियनला छन्नी-हातोडा हाती घेऊ देऊ नका, वायरिंगच्या झिरी (खाचा) कटरनेच. दराची तुलना करताना ब्लॉकचा नग आणि विटेचा नग लावू नका. ६०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचे सुमारे ४२ ब्लॉक म्हणजे एक घनमीटर, भिंतीच्या चौरस फुटामागे मसाला, मजुरी आणि छपाई धरून आकडा काढा.

आणि माती. अकोल्यात बहुतेक ठिकाणी काळी भारी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा पट्टा) त्या हिशेबाने नसेल तर विटेची भिंतही तडकते, ब्लॉकची आधी तडकते. पायाच्या पैशातून इन्सुलेशनला पैसे काढू नका. तुमच्या मिस्त्रीने आजवर एकही एएसीचं घर बांधलं नसेल तर सरळ विटा वापरा आणि वाचलेला पैसा छतावर आणि पश्चिमेच्या सावलीवर घाला. वाईट जुडाईच्या ब्लॉकपेक्षा चांगल्या जुडाईची वीट केव्हाही बरी.

पश्चिमेचं काय करायचं ते सामानापेक्षा नकाशात सुटतं. दार तिकडेच आहे, तर पोर्च, जिना, बाथरूम, स्टोअर पश्चिमेला घ्या आणि बेडरूम पूर्व-उत्तरेला ढकला. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तो निरुपयोगी, कारण पाच वाजता ऊन छज्जाखालून सरळ आत येतं. तिथे उभी आडोशाची जाळी, वेल किंवा आपली हिरवी नेट, पण खिडकीच्या बाहेरून. आतून जाड पडदा लावला तर काच ओलांडून उष्णता आत आलेलीच असते. कडुनिंब लावा, भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून तो एप्रिलपर्यंत पुन्हा गच्च होतो, आपल्या उन्हाळ्यासाठीच घडवल्यासारखा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: घर कूलरवर चालणार की एसीवर? दोघांची घरं वेगळी असतात. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, त्यामुळे समोरून ती बाहेर जायला वाट लागते. घट्ट बंद घरात कूलर लावला की तासाभरात चादर दमट होते. अशा घराला समोरासमोर खिडक्या, वर व्हेंटिलेटर आणि पल्ल्याच्या खिडक्या हव्यात. स्लायडिंग खिडकी कितीही मोठी केली तरी अर्धीच उघडते. एसीच्या खोलीला उलट फटी नकोत. माझा सल्ला, आईवडिलांची किंवा एक बेडरूम एसीची म्हणून घट्ट करा, बाकी घर कूलरचं ठेवा. मृग लागून हवा दमट झाली की कूलर तसाही चिकचिकच देतो, तेव्हा ती एक खोली कामी येते. दुहेरी काचेच्या खिडक्यांवर पैसे घालू नका. ज्या घराच्या खिडक्या रात्री उघड्याच राहायच्या, तिथे त्या काय करणार?

मग दीड लाख? पहिला पैसा छताला, बोर्ड आणि पांढरा थर. मग पश्चिमेची सावली. त्यातून उरलं तर विटेऐवजी एएसीचा जो फरक पडेल तो. फरशी, रंग, काच यांना यातलं काही नको.

यात एकच मोठा ‘पण’ आहे, भावाचा मजला. तो तीन-चार वर्षांत नक्की होणार असेल तर छतावर एवढा खर्च करू नका, तो उद्या दोन मजल्यांच्या मधे गाडला जाईल. तेव्हा फक्त कोबा, वॉटरप्रूफिंग आणि पांढरा रंग करा, आणि गच्चीवर सात-आठ फुटांवर बाजूने उघडं टिनाचं शेड टाका. ऊन टिनावर पडतं, मधून वारा वाहतो, खाली स्लॅब सावलीत. पाण्याची काळी टाकीही त्याखाली येते, म्हणजे दुपारी नळाला चटका देणारं पाणी येत नाही. पुढे शेड उतरवून वरच्या मजल्यावर नेता येतं. पाइप स्लॅबला नीट जखडा, मेच्या वावटळीत टिन उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडलेले मी पाहिले आहेत. शेडला परवानगी लागते का तेही महापालिकेत आधी विचारून घ्या.

मजला दहा वर्षं तरी होणार नसेल तर बोर्डच. आणि तसं असेल तर जिन्याच्या केबिनचं काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराला सांगा. कोबा चार इंच, बोर्ड दोन, काँक्रीट आणि फरशी मिळून अडीच, म्हणजे गच्ची साडेआठ इंच वर उचलली जाणार. गच्चीच्या दाराचा उंबरठा स्लॅबपासून फूटभर वर घ्यायला लावा, पावसाच्या पाइपांची तोंडं त्या पातळीला आणि पॅरापेट तेवढा उंच. हे आधी केलं नाही तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी जिन्यावरून घरात उतरतं आणि मग बोर्ड काढून टाकायचा की दार तोडायचं, एवढाच प्रश्न उरतो.